अर्ध्या तासाची सुटी : परळपासून गार्चिंगपर्यंत

गेल्या वर्षी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात मी फराळाच्या रांगेत उभा होतो. पुढच्या एका ज्येष्ठ सभासदांनी मागे वळून विचारले, "काय हो डॉक्टरसाहेब, तुम्ही म्हणे चहा प्यायचे अ‍ॅप केले आहे? चहा प्यायला अ‍ॅप कशाला लागते?" रांगेत हशा पिकला. मीही हसलो, कारण प्रश्न रास्त होता. उत्तर मात्र हातात कागदी बशी घेऊन उभ्या उभ्या देण्याजोगे नव्हते. काका चकलीकडे वळले आणि उत्तर माझ्यापाशीच राहिले. ते आज या पुरवणीच्या निमित्ताने लिहून काढतो आहे. उत्तर थोडे लांबचे आहे. त्याची सुरुवात गार्चिंगला होत नाही, मुंबईत परळला होते, आणि तीही १८८४ साली.

मी अभियंता आहे. डॉक्टरेट केली तीही अभियांत्रिकीत. पोट भरतो संगणकाच्या आज्ञावल्या लिहून. इतिहासाकडे वळलो तो एका अडचणीमुळे. माझे यंत्र चालेना, म्हणून आधीच्या लोकांची यंत्रे कशी चालली ते पाहायला गेलो आणि तिथेच रमलो.

गिरणीचा भोंगा

माझे आजोबा लालबागला एका कापड गिरणीत साचेखात्यात होते. आमच्या पिढीतल्या वाचकांसाठी सांगतो, साचा म्हणजे कापड विणायचा यांत्रिक माग. एका खात्यात असे शेकडो साचे एकाच वेळी खडखडत. त्या आवाजात शेजारच्याचे बोलणे ऐकू येणे शक्यच नसे, म्हणून ही माणसे ओठांवरून शब्द ओळखत आणि हातांनी बोलत. आजोबांचे कान निवृत्तीच्या आधीच गेले होते. घरात कोणी आपसात कुजबुजले तर ते ओठ पाहून नेमके ओळखत, याची आम्हा मुलांना फार गंमत वाटे.

आजोबा म्हणायचे, "आमचं बोलणं म्हणजे सुटीतलं." भोंगा झाला की गावाकडची चौघे ठरलेल्या भिंतीशी डबा सोडत. कोणाचे पत्र आले असेल तर ज्याला वाचता येई तो वाचून दाखवी. कोणाची म्हैस व्याली, कोणाच्या बांधावरून भांडण लागले, कोणाचा पोरगा नापास झाला, हे सगळे त्या अर्ध्या तासात कळायचे. ही सुटी सूर्योदयासारखी आपोआप मिळणारी गोष्ट आहे, असेच मला लहानपणी वाटे. ती कोणीतरी मागून घेतली होती, हे पुष्कळ उशिरा कळले.

मुंबईची पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये काढली. पुढच्या तीस वर्षांत गिरण्या वाढल्या, पण कामाचे तास सूर्यावर ठरत. दिवस उजाडला की इंजिन सुरू, मावळला की बंद. उन्हाळ्यात दिवस मोठा म्हणून काम जास्त. मध्ये जेवणासाठी यंत्र थांबेलच असे नसे. कामगार आळीपाळीने यंत्रापाशीच दोन घास खाऊन घेत. १८८१ साली हिंदुस्थानातला पहिला कारखाना कायदा झाला, पण त्याने संरक्षण दिले ते फक्त मुलांना. सात वर्षांखालच्यांना बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तासांची मर्यादा व तासाभराची विश्रांती दिली. मोठ्या माणसांसाठी त्यात काहीच नव्हते.

इथे नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव येते. जन्म १८४८ चा, ठाण्याचा. जोतीराव फुल्यांचे सहकारी. रेल्वे आणि टपाल खात्यात नोकरी करून ते एका गिरणीत भांडारपाल झाले, म्हणजे कामगारांचे हाल त्यांनी आतून पाहिले होते. १८८० पासून त्यांनी 'दीनबंधु' हे पत्र मुंबईतून चालवले. १८८४ मध्ये मुंबई सरकारने कारखान्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला, तेव्हा सप्टेंबरात परळला कामगारांच्या सभा घेऊन लोखंड्यांनी एक अर्ज तयार केला. त्यावर सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. मागण्या आज वाचताना साध्या वाटतात. रविवारी सुटी असावी. दुपारी अर्धा तास विश्रांती असावी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावे. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत मिळावा. कामावर दुखापत झालेल्याला भरपाई मिळावी.

त्या अर्जाला लगेच फळ आले नाही. सहा वर्षे गेली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सच्या मैदानात सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. तीत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. त्यानंतर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली, आणि १८९१ च्या सुधारित कायद्याने दुपारचा अर्धा तास सर्वांसाठी बंधनकारक झाला. लोखंडे पुढे प्लेगच्या साथीत लोकांची सेवा करताना १८९७ साली स्वतःच प्लेगने गेले. २००५ साली टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. एके काळी त्याच खात्यात नोकरी केलेल्या माणसाचे तिकीट निघावे, याचे मला समाधान वाटते.

आता अभियंता म्हणून जे मला विशेष वाटले ते सांगतो. त्या काळच्या गिरणीत प्रत्येक यंत्राला वेगळी मोटर नसे. एकच वाफेचे इंजिन, त्यावरून फिरणारे लांब दांडे, आणि दांड्यांवरून पट्ट्यांनी प्रत्येक यंत्राला गती. इंजिन थांबले की अख्खी गिरणी एका क्षणी थांबे. कायद्यात विश्रांतीचा विचार होता, गप्पांचा कोणी केलेला नव्हता. पण सगळ्यांना एकाच वेळी मोकळीक मिळाली म्हणून माणसे एकमेकांना भेटू शकली. आजोबांच्या चौघांची बैठक ही वाफेच्या इंजिनाची देणगी होती.

याखेरीज एक चोरटी सुटी असे. शेजाऱ्याला "माझा साचा बघ" अशी खूण करून माणूस बिडी ओढायला किंवा पाणी प्यायला बाहेर जाई, आणि परत आल्यावर शेजाऱ्याचा साचा सांभाळी. मालक याला आळस म्हणत. १९०८ च्या कारखाना आयोगापुढेही कामगार यंत्र सोडून बाहेर रेंगाळतात अशा तक्रारी आल्या होत्या. मला त्यात दुसरे काही दिसते. आपले काम बघायला एक भरवशाचा माणूस आहे, एवढ्यावर ती सगळी व्यवस्था उभी होती.

पाच मुली आणि सहा विश्रांती

विश्रांती किती आणि केव्हा द्यावी याचा शास्त्रीय विचार पुढे अमेरिकेत झाला. शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या हॉथॉर्न कारखान्यातले प्रयोग व्यवस्थापन शिकलेल्यांनी वाचले असतील. तिथे १९२७ पासून टेलिफोनचे रिले जुळवणाऱ्या पाच मुलींना वेगळ्या खोलीत बसवून कामाच्या अटी एकेक करून बदलण्यात आल्या. आधी पाच मिनिटांच्या दोन विश्रांती दिल्या, मग दहा मिनिटांच्या दोन. उत्पादन वाढले. मग पाच मिनिटांच्या सहा विश्रांती देऊन पाहिल्या. मुलींनी तक्रार केली की हात बसतो न बसतो तोच उठावे लागते, कामाची लय मोडते. उत्पादनही किंचित घसरले.

या प्रयोगांवर पुढे पुष्कळ वाद झाले. पण सहा विश्रांतींची ही छोटी नोंद मी माझ्या अनुभवाने खरी मानतो. ती नोंद मी आधी वाचली असती तर माझे तीन महिने वाचले असते.

केंब्रिजचे कॉफीचे भांडे

आता जवळच्या काळात येऊ. १९९१ साली केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत पंधराएक संशोधकांत मिळून एकच कॉफीचे यंत्र होते. ते ट्रोजन रूम नावाच्या खोलीबाहेर असे आणि काहीजण दुसऱ्या मजल्यांवर बसत. जिने उतरून यावे तर भांडे रिकामे. मग क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर आणि पॉल जार्डेट्झ्की यांनी भांड्यासमोर एक कॅमेरा बांधला आणि त्याचे १२८ गुणिले १२८ ठिपक्यांचे कृष्णधवल चित्र प्रत्येकाच्या पडद्याच्या कोपऱ्यात दिसेल अशी आज्ञावली लिहिली. चित्र मिनिटाला तीनएक वेळा बदले. कॉफी काही उसळ्या मारत नाही, तेव्हा तेवढे पुरेसे होते.

१९९३ च्या नोव्हेंबरात हे चित्र वर्ल्ड वाइड वेबवर आले आणि जगभरचे लोक केंब्रिजमधले भांडे भरले की रिकामे आहे ते पाहू लागले. जगातला पहिला वेबकॅम म्हणून त्याची ख्याती झाली. २२ ऑगस्ट २००१ रोजी प्रयोगशाळा नव्या इमारतीत गेली तेव्हा कॅमेरा बंद झाला. शेवटचे भांडे क्रुप्स या जर्मन कंपनीचे होते. लिलावात ते ३,३५० पौंडांना 'श्पीगेल ऑनलाइन' या जर्मन वृत्तसंस्थेने विकत घेतले, दुरुस्त करून आपल्या कचेरीत चालवले, आणि पुढे ते पाडरबोर्नच्या हाइन्त्स निक्सडॉर्फ संग्रहालयाकडे गेले.

याच सुमारास अमेरिकेतल्या बेलकोर कंपनीच्या प्रयोगशाळेत अधिक भव्य प्रयोग झाला. दोन मजल्यांवरच्या दोन विश्रांतीच्या जागा भिंतीएवढ्या पडद्याने जोडल्या. इकडची माणसे तिकडे पूर्णाकृती दिसत, आवाज ऐकू येई. १९९० साली त्यावर निबंध प्रसिद्ध झाला. प्रत्यक्ष समोरासमोर आल्यावर माणसे जितक्या सहज बोलायला लागतात तितकी या पडद्यातून लागली नाहीत, असे त्यांना आढळले. गंमत म्हणजे आपण बोलायला आपुलकीने पुढे सरकतो, आणि पडद्याजवळ गेले की माणूस कॅमेऱ्याच्या टप्प्याबाहेर जाई.

एकीकडे लाखांची यंत्रणा, दुसरीकडे एका भांड्याचे धूसर चित्र, आणि लोक उठले ते भांड्यासाठी. मी यातून असे समजलो की केंब्रिजच्या कॅमेऱ्याचा रोख माणसांवर नव्हता. कोण आले, कोण किती वेळ बसले हे तो सांगत नव्हता. कॉफी ताजी आहे एवढेच सांगत होता. आपले आपण यावे.

गार्चिंग

आमच्या गार्चिंगचे दोन शब्दांत वर्णन करायचे तर शेते आणि शास्त्रज्ञ. म्युनिकच्या उत्तरेला इसार नदीकाठचे हे खेडे. १९५७ साली इथे जर्मनीची पहिली संशोधन अणुभट्टी सुरू झाली. तिच्या अंड्याच्या आकाराच्या घुमटाला लोक अणूचे अंडे म्हणू लागले आणि ते अंडे गावाच्या राजचिन्हातही जाऊन बसले. मग प्लाझ्मा भौतिकीची संस्था आली, युरोपच्या दक्षिण वेधशाळेचे मुख्यालय आले. १९९० मध्ये गार्चिंगला शहराचा दर्जा मिळाला. २००२ मध्ये म्युनिकच्या तंत्रविद्यापीठाचा गणित व संगणक विभाग इथे आला. त्या इमारतीत वरच्या मजल्यावरून थेट खाली येणाऱ्या दोन प्रचंड घसरगुंड्या आहेत. भारतातून पाहुणे आले की मी आधी त्या दाखवतो. २००६ च्या ऑक्टोबरात यू-६ ही भुयारी रेल्वे संशोधन केंद्रापर्यंत आली, आणि त्याच महिन्यात दोन बॅगा आणि आईने दिलेला गोडा मसाला घेऊन मीही आलो.

माझे जर्मन तेव्हा बेताचेच होते. मला माणसांत आणले ते आमच्या विभागाच्या कॉफीच्या खोलीने. भिंतीवर नावांची यादी, प्रत्येक कपामागे आपल्या नावापुढे एक रेघ, महिन्याअखेरी रेघा मोजून डब्यात पैसे. तपासणारे कोणी नाही. दुपारी साडेअकरालाच लोक जेवायला निघत आणि वाटेत भेटेल त्याला "माल्टसाइट" म्हणत, म्हणजे जेवणाची वेळ. हे अभिवादन आहे हे कळायला मला महिना लागला. तोवर प्रत्येक जण मला जेवणाचे आमंत्रण देतो आहे असे वाटून मी सर्वांचे मनापासून आभार मानत होतो.

मार्च २०२० मध्ये हे सगळे एका आठवड्यात बंद झाले. यू-६ रिकामी धावू लागली. तोपर्यंत मी एका कंपनीत नोकरीला होतो. आमचे निम्मे सहकारी गार्चिंगला आणि निम्मे पुण्याला. सगळेच घरी बसले. काम अडले नाही, उलट वाढले. कामाची देवघेव अशी सुरळीत चालली की वरचे लोक खूष होते.

अकरा दिवस

एप्रिल २०२१. पुण्याच्या गटातला एक तरुण सहकारी, गुणी मुलगा, मला दादा म्हणायचा. रोजच्या बैठकीत कॅमेरा बंद ठेवून बोलायचा, तसे सगळेच करत. त्याची कामे वेळेवर पुरी होत होती. एका सकाळी त्याचा कॅमेरा चुकून चालू झाला. डोके भादरलेले होते.

बैठक संपल्यावर मी त्याला फोन केला. तो म्हणाला, "दादा, बाबा गेले. आज अकरा दिवस झाले." कोरोनाने. तो गावाकडून काम करत होता. मी विचारले, "अरे, सांगितले का नाहीस?" त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. "कुठे सांगू दादा? मीटिंगमध्ये प्रत्येकाला दोन मिनिटं असतात. त्यात काल काय केलं आणि आज काय करणार तेवढंच सांगायचं."

त्या रात्री मला झोप लागली नाही. आजोबांना साच्यांच्या खडखडाटात म्हैस व्यालेलीही कळत होती. आम्ही दिवसाकाठी तीनशे निरोप पाठवणारी माणसे, आणि एकाचा बाप गेलेला अकरा दिवस कोणाला कळला नाही. जर्मनीच्या १९९४ च्या कायद्याप्रमाणे सहा तासांहून अधिक कामाला अर्धा तास विश्रांती आहे, घरून काम करणाऱ्यालाही. ती आम्ही घेत होतो. प्रत्येक जण आपापली, वेगवेगळ्या वेळी, एकटा. इंजिन नव्हते, त्यामुळे भोंगाही नव्हता.

आधण

पुण्याचा एक आणि गार्चिंगचा मी, असे दोघांनी संध्याकाळच्या वेळात एक अ‍ॅप लिहायला घेतले. नाव अर्थातच 'भोंगा'. जर्मन सहकाऱ्यांना उच्चार जमला, अर्थ समजावून सांगावा लागला.

पहिली आवृत्ती सपशेल पडली. दर दीड तासाने भोंगा वाजे आणि सगळ्यांना पाच मिनिटांसाठी एका खिडकीत बोलावी. पहिला आठवडा लोक हौसेने आले, दुसऱ्या आठवड्यात चिडले, तिसऱ्यात भोंग्याचा आवाज बंद करून बसले. हॉथॉर्नच्या मुलींनी १९२० च्या दशकात जे सांगितले तेच आमच्या लोकांनी आम्हाला ऐकवले.

दुसऱ्या आवृत्तीत केंब्रिजचे भांडे आले. आता कोणालाही चहा किंवा कॉफी करावीशी वाटली की त्याने "आधण ठेवले" हे बटण दाबायचे. सगळ्यांच्या पडद्याच्या कोपऱ्यात एका छोट्या पातेल्यातून वाफ दिसू लागे. आवाज नाही, निमंत्रण नाही. कोणी आधण ठेवले त्याचे नावही नाही. चहा व्हायला साधारण सात मिनिटे लागतात, तेवढ्या वेळात आपणही आपल्या घरी चहा ठेवावा आणि मग खिडकीत यावे. पाचाहून जास्त माणसे झाली तर आपोआप दुसरे पातेले, कारण सहाव्या माणसाबरोबर बैठक सुरू होते आणि गप्पा संपतात.

वेळेचा प्रश्न मात्र राहिला. पुण्याचा चारचा चहा म्हणजे हिवाळ्यात गार्चिंगचे साडेअकरा, बरोबर "माल्टसाइट"ची वेळ. उन्हाळ्यात घड्याळ पुढे गेले की साडेबारा. म्हणून दिवसातून एकदाच, पुण्याच्या चार वाजता, अ‍ॅप स्वतःहून आधण ठेवते. दोन्हीकडचे सगळे एकाच वेळी मोकळे असण्याची ही एकच वेळ. हे आमचे वाफेचे इंजिन. माणसे येऊ लागली. पहिल्या महिन्यात बोलणे हवामान आणि क्रिकेटचे झाले, हळूहळू घरचे होऊ लागले. तो मुलगाही येई. एकदा त्याने वडिलांच्या हापूसच्या कलमांबद्दल वीस मिनिटे सांगितले. एका जर्मन बाईंनी मध्येच विचारले की आता झाडे कोण बघते, आणि मग तो बराच वेळ बोलत राहिला.

यादी

तीस-पस्तीस माणसे नियमाने वापरू लागल्यावर ही गोष्ट वर पोचली. कौतुक झाले. मग एक साधी विनंती आली. कोण किती वेळा विश्रांती घेते, कोण किती वेळ बसते, कोण कधीच येत नाही, याचा मासिक तक्ता काढता येईल का? हेतू वाईट नव्हता, एकाकी पडलेली माणसे शोधता येतील असा युक्तिवाद होता. खरे सांगतो, मी दोन दिवस विचार केला. तो मुलगा कधीच येत नाही असे तक्त्यात दिसले असते, तर ते अकरा दिवस वाचले असते का?

पण मला साचेखात्यातली खूण आठवत राहिली. "माझा साचा बघ" म्हणून जाणारा माणूस शेजाऱ्याला सांगून जात होता, मुकादमाला नाही. जी सुटी मोजली जाते ती घ्यायला माणसे कचरतात, किंवा दिसावे म्हणून घेतात. जर्मनीत १९७२ च्या कायद्यानुसार कर्मचाऱ्यांच्या वागण्यावर नजर ठेवू शकेल असे कोणतेही तांत्रिक साधन आणण्यापूर्वी कामगार समितीची संमती घ्यावी लागते. समितीतल्या एका बाईंनी मला एकच विचारले, "हा तक्ता तुमचे यंत्र काढू शकते का?" मी म्हणालो, "आज नाही, पण दोन ओळी लिहिल्या तर काढू शकेल." त्या म्हणाल्या, "मग आधी त्या ओळी लिहिता येणार नाहीत असे करा."

तसे केले. अ‍ॅप काहीही साठवत नाही. पातेले रिकामे झाले की कोण आले होते याची नोंद कुठेच राहत नाही. तक्ता मिळाला नाही, त्यामुळे वरच्यांचे कौतुकही ओसरले. अ‍ॅप कंपनीचे अधिकृत साधन झाले नाही. ते आमच्या गटापुरते राहिले आणि आजही चालू आहे.

तेव्हा काका, आपल्या प्रश्नाचे उत्तर असे. चहा प्यायला अ‍ॅप लागत नाही. एका वेळी प्यायला लागते. १८८४ साली साडेपाच हजार माणसांनी सह्या करून जो अर्धा तास मागितला, तो आम्हाला कायद्याने आयता मिळाला होता. आम्हाला त्यात फक्त एकमेकांची वेळ जुळवून घ्यायची होती.

जाता जाता एक विनंती. मंडळाच्या सभासदांपैकी अनेकांच्या घरचे कोणी ना कोणी मुंबईच्या किंवा सोलापूरच्या गिरण्यांत होते हे मला ठाऊक आहे. त्यांच्या सुटीतल्या बैठकीच्या, डब्यांच्या, पत्रे वाचून दाखवणाऱ्यांच्या आठवणी कोणाला माहीत असतील तर जरूर लिहून काढा. माझ्या आजोबांच्या चौघांपैकी पत्र वाचणारा कोण होता, हे विचारायचे माझ्याकडून राहून गेले.